सुरतेतल्या नणंदेची तपासणी कानबाईपर्यंत थांबवू नका

‘डॉक्टरताई, मी अमळनेर तालुक्यातली. माझी नणंद लग्न होऊन सुरतेला गेली, तेव्हापासून लिंबायतमध्ये भाड्याच्या खोलीत राहते. पाव्हणे, म्हणजे तिचे मिस्टर, लूमवर आहेत, ती घरीच साड्यांना लेस आणि खडे लावते. वय ४९. पाळी जाऊन २ वर्षं झाली, पण ६ महिन्यांपासून मधूनच अंगावर लाल जातं, पांढरंही जातं आणि त्याला वास येतो. गल्लीतल्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. मग एका नर्सिंग होममध्ये दाखवलं तर ‘पिशवी काढून टाका’ म्हणाले. फोन केला की ती म्हणते, “काही नही व्हत वं, वयनं से.” तिच्या गल्लीतल्या दोघी पिशवीच्या कॅन्सरने गेल्या, दोघी आपल्या खान्देशातल्याच. सासूबाई म्हणतात, तिथल्या रंगाच्या मिलचं पाणीच वाईट. नातेवाईक वेगळंच काही बोलतात, ते लिहायलाही नको वाटतं. तिची कागदपत्रं सासरच्या गावची, पारोळा तालुक्यातली. श्रावणात कानबाईला ती येणार आहे, तेव्हा इकडेच दाखवलं तर चालेल का? आणि तिच्या १३ वर्षांच्या मुलीला ते कॅन्सरचं इंजेक्शन द्यावं का?’

ताई, श्रावणापर्यंत थांबू नका. या आठवड्यातच तिला सुरतेत दाखवायला लावा.

पाळी पूर्ण बंद होऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी पडला तरी तो तपासायचाच असतो. ‘वयाचं आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही. प्रत्येक वेळी कॅन्सर निघतो असं मुळीच नाही. पुष्कळ जणींना आतला कोरडेपणा असतो, कुणाला पिशवीच्या तोंडाशी साधा मोड आलेला असतो, कुणाला जंतुसंसर्ग. पण तुमच्या नणंदेला रक्तही जातंय, वासाचं पांढरंही जातंय आणि ६ महिने झालेत. पत्रात तुम्ही इंजेक्शनं लिहिलीत, पिशवी काढायचा सल्ला लिहिलात, पण कुणी तिला टेबलावर झोपवून आत बघितलं असं कुठेही लिहिलेलं नाही. मला त्याचीच काळजी वाटते.

आत बघणं म्हणजे काय, ते तिला फोनवर तुम्हीच सांगा, कारण बायका त्याच भीतीने टाळतात. डॉक्टर बाई एक उपकरण योनीमार्गात हलक्या हाताने बसवते, बॅटरीचा उजेड टाकते आणि पिशवीचं तोंड डोळ्यांनी बघते. अवघडल्यासारखं होतं, थोडं दुखतं, पण काही मिनिटांचं काम असतं. तोंडावर जखम, गाठ किंवा सहज रक्त येणारी जागा दिसली तर तिथला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेऊन तपासायला पाठवतात. तुकड्याचा रिपोर्ट हाच खरा पुरावा. कुणी फक्त पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडावरच्या पेशी पुसून घेऊन करतात ती तपासणी) करून ‘नॉर्मल आहे, जा’ म्हणालं तर तेवढ्यावर परत येऊ नका. पॅपची तपासणी मुळात त्रास नसलेल्या बाईसाठी असते. रक्त जात असताना पॅप नॉर्मल आला तरी कॅन्सर नाही असं ठरत नाही. तोंड स्वच्छ दिसलं तर पिशवीच्या आतल्या अस्तराची जाडी सोनोग्राफीत बघावी लागते, कारण पाळी गेल्यावरचं रक्त तिथूनही येऊ शकतं.

लिंबायतहून उमरवाड्याचं महापालिकेचं स्मीमेर हॉस्पिटल फार लांब नाही, नाहीतर नवं सिव्हिल आहे. स्त्रीरोग ओपीडीचा केसपेपर काढायचा आणि आत गेल्यावर पहिलंच वाक्य हे म्हणायचं: ‘पाळी जाऊन २ वर्षं झाली आणि रक्त जातंय.’ हिंदीत, गुजरातीत, जमेल तसं. ‘पांढरं जातं’ एवढ्यानेच सुरुवात केली तर गर्दीच्या ओपीडीत गोळ्या लिहून मिळण्याचीच शक्यता जास्त. आधीच्या इंजेक्शनांच्या चिठ्ठ्या असतील तर सोबत न्यायच्या.

आता पिशवी काढण्याबद्दल. तुकड्याचा रिपोर्ट येईपर्यंत कुणाच्याही सांगण्यावरून ऑपरेशनला सही करू नका. हे मी फार जोर देऊन लिहिते आहे, कारण खान्देशात, मराठवाड्यात आणि सुरतेच्या वस्त्यांतही ‘पिशवी काढली की कटकट गेली’ हा सल्ला सर्रास दिला जातो. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये उजेडात आलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तुमच्या नणंदेच्या बाबतीत धोका आणखी वेगळा आहे. समजा तोंडाशी कॅन्सर असलाच, तर साध्या ऑपरेशनने फक्त पिशवी काढून उपयोग नसतो. अगदी सुरुवातीचा असेल तर भोवतीचा भाग आणि जांघेच्या वर ओटीपोटातल्या गाठीही काढाव्या लागतात, आणि ते काम कॅन्सरच्या सर्जनचं. थोडा पुढे गेला असेल तर ऑपरेशन करायचंच नसतं, किरणोपचार द्यायचे असतात. आधी न तपासता पिशवी काढली आणि मग कॅन्सर कळला, तर पुढचा उपचार अवघड होतो आणि बरं होण्याची शक्यता घटते. अशा बायका माझ्याकडे फाईल घेऊन येतात, तेव्हा फार वाईट वाटतं. आधी तुकडा, मग निर्णय. हे वाक्य पाव्हण्यांच्याही कानावर घाला, कारण सही त्यांनाही विचारली जाते.

सासूबाईंच्या शंकेचं उत्तर देते. रंगाच्या मिलचं पाणी चांगलं नाही, त्याबद्दल तक्रार करायला हवी, पण या कॅन्सरचं कारण ते नव्हे. बायका ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणतात तो बहुधा पिशवीच्या तोंडाचा असतो, आणि तो जवळपास नेहमीच एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझन यांनी हे दाखवून दिलं आणि २००८ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. या विषाणूचे पुष्कळ प्रकार आहेत. त्यातले १६ आणि १८ नंबरचे दोनच जगातल्या सुमारे ७० टक्के कॅन्सरना जबाबदार आहेत.

आणि नातेवाईक जे बोलतात, जे तुम्ही लिहिलं नाहीत पण मला कळलं, त्याबद्दल. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो हे खरं. पण तो इतका सर्रास आढळतो की संसार केलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन गेलेला असतो. पुरुषाला बहुधा कळतही नाही. दहातल्या नऊ जणींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींमध्ये ठाण मांडून बसतो आणि कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. म्हणजे तो कधी आला, कुणाकडून आला, हे आज जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. तिच्या चारित्र्यावर किंवा पाव्हण्यांच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याचा कुणालाही अधिकार नाही. घरात हा विषय निघाला तर तिथल्या तिथे थांबवा. या बोलण्याच्या धाकाने बाई तपासायला जात नाही आणि तिच्या आजारपणातले महत्त्वाचे महिने निघून जातात.

मग एकाच गल्लीतल्या दोघी याच आजाराने कशा गेल्या? तुमच्या पत्रातला हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला.

ती १५-२० वर्षं नीट बघा. एवढ्या काळात पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बदलत असतात, बाईला काहीही त्रास नसतो आणि साध्या तपासणीत ते दिसतं. पिशवीच्या तोंडाला पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगर ज्याचं असतं ते, लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बदललेला भाग पांढरा पडतो. तेवढा भाग गोठवून किंवा उष्णतेने नष्ट करतात, बहुधा दाखलही व्हावं लागत नाही, आणि पुढचा कॅन्सर बहुतेकदा टळतो. म्हणजे ज्या वस्तीत बायकांची तपासणी होते तिथे हा कॅन्सर कमी दिसतो, जिथे होत नाही तिथे तो उशिरा सापडतो आणि बायका जातात. टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये १९९८ पासून हेच करून पाहिलं. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा हा अभ्यास होता. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना शिकवून तयार केलं आणि निम्म्या वस्त्यांत त्यांनी दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी केली. तपासणी झालेल्या वस्त्यांत या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. त्या वस्त्यांचं पाणी, हवा, खोल्या सगळं तेच होतं.

तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांमध्ये ही तपासणी कधीतरी झाली आहे असं सांगणाऱ्या देशभरात शंभरात दोनही नव्हत्या. २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि जवळपास ८० हजार बायका गेल्या.

गाव सोडून गेलेल्या बाईचं आणखी कठीण. पारोळ्याकडच्या तिच्या गावात आशाताई तिशीपुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरायला घरोघरी फिरते, तेव्हा हिच्या घराला कुलूप असतं. सुरतेत ती भाडेकरू. दोन-तीन वर्षांनी खोली बदलते, लिंबायतहून डिंडोली, डिंडोलीहून गोडादरा. तिथल्या सर्वेक्षणात नाव लागेपर्यंत ती पुढे गेलेली असते. गावच्या यादीत ती ‘बाहेरगावी’ आणि शहरातल्या यादीत तिचं नावच नाही. शिवाय साडीच्या कामाला नगाप्रमाणे पैसे मिळतात. ओपीडी सकाळची, त्याच वेळी पाणी येतं, डबा असतो, आणि दिवस मोडला तर मजुरी गेली. गुजराती अक्षर ओळखीचं नाही. म्हणून बाई गल्लीतल्या ओळखीच्या डॉक्टरकडे जाते, तो रात्री नऊलाही उघडा असतो आणि आपल्या भाषेत बोलतो. तिचं हे वागणं मला अगदी समजण्यासारखं वाटतं. मात्र तिथे तपासणीचं टेबलच नसतं. गल्लीतल्या त्या दोघींचंही बहुधा असंच झालं असणार.

सातपुड्यातून आणि साक्री-नवापूरकडून बारडोली, नवसारीच्या उसाला जाणाऱ्या पावरा, भिल, मावची, कोकणा बायकांचे हाल तर याहून वाईट. सहा महिने पडावावर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या तळावर, सहा महिने घरी. त्यांच्याविषयी वेगळं लिहावं लागेल.

आणि हे आपल्याच गरीब वस्त्यांत होतं असं समजू नका. अमेरिकेत जाऊन राहिलेल्या व्हिएतनामी बायकांमध्ये १९८८ ते १९९२ च्या नोंदींत हा कॅन्सर तिथल्या गोऱ्या बायकांच्या जवळपास पाचपट होता. देश श्रीमंत, हॉस्पिटलं उत्तम, तरी पाचपट. कॅलिफोर्नियात पुढे अभ्यास झाले, तेव्हा स्पॅनिश बोलणाऱ्या आणि आशियाई बायकांतही असं दिसलं की ज्या गरीब मोहल्ल्यांत आपल्याच देशातून आलेले लोक एकवटलेले असतात, तिथल्या बायकांत हा आजार जास्त. आपल्या माणसांत राहिलं की आधार मिळतो, पण गरिबी आणि परकी भाषा एकत्र आली की दवाखाना दूर जातो. तिथल्या सांता क्लारा काउंटीत मग व्हिएतनामी बायकांनाच तयार करण्यात आलं. त्यांनी ओळखीच्या घरांत छोट्या बैठका घेतल्या, आपल्या भाषेत समजावलं आणि बायकांना तपासणीसाठी तयार केलं. व्हिएतनामी बायकांमधलं प्रमाण नंतरच्या वर्षांत बरंच खाली आलं.

लिंबायतमध्येही हे होऊ शकतं. तुमच्या नणंदेच्या गल्लीत कानबाईची गाणी म्हणणाऱ्या बायका असतील, भजनी मंडळ असेल, साडीचं काम वाटणारी बाई असेल. त्यातली जी थोडी धीट आहे तिने पाच-सात जणींना घेऊन एका सकाळी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जावं. एकटीला लाज वाटते, सगळ्या मिळून गेल्या तर वाटत नाही. आणि इकडे गावी म्हणाल, तर अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि कानबाईला अर्धी सुरत आपल्या गावांत उतरते. त्या दोन आठवड्यांत तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी शिबिर ठेवा, असा अर्ज वैद्यकीय अधिकाऱ्यांना महिनाभर आधी द्या. सरपंचाची सही घ्या, आशाताईला सोबत घ्या. सरकारी नियमाने ३० ते ६५ वयाच्या बाईची ही तपासणी ५ वर्षांतून एकदा व्हायलाच हवी आणि ती फुकट आहे. तुम्ही स्वतःचं वय लिहिलं नाहीत. तिशी ओलांडली असेल तर पहिली तुम्ही झोपा त्या टेबलावर. फक्त एक लक्षात ठेवा, पाळी गेल्यावर तपासायची ती जागा आत सरकते आणि व्हिनेगरची तपासणी तितकी भरवशाची राहत नाही. अशा बाईसाठी पॅप किंवा एचपीव्हीची तपासणी बरी. एचपीव्हीच्या तपासणीची ताकद आपल्याच राज्यात सिद्ध झाली आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३० हजार बायकांचा अभ्यास झाला. ज्यांना ही तपासणी एकदाच मिळाली, त्यांच्यात या कॅन्सरचे मृत्यू पुढच्या ८ वर्षांत जवळपास निम्म्याने कमी होते.

आता कागदपत्रं. रिपोर्टमध्ये काही निघालंच तर धावपळ नको, म्हणून आत्ताच बघून ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजना ही महाराष्ट्र सरकारची. तिचा लाभ घ्यायचा तर योजनेच्या यादीतल्या, म्हणजे अंगीकृत, रुग्णालयात यावं लागेल. आयुष्मान भारतचं कार्ड मात्र दुसऱ्या राज्यातही चालतं. पारोळ्याच्या पत्त्यावरचं कार्ड असलं तरी सुरतेतल्या अंगीकृत रुग्णालयात वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. तिचं नाव पात्र यादीत आहे का हे १४५५५ वर फोन करून विचारता येतं, फुले योजनेची चौकशी १५५३८८ वर. रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलाशी जायचं, बिल भरून झाल्यावर नाही. रेशनकार्डावर तिचं नाव अजून आहे ना, आधारवरच्या नावाशी ते जुळतं ना, ई-केवायसी झाली आहे ना, हे तिच्या सासरच्या कुणाला तरी रेशन दुकानात पाठवून बघून घ्या. वर्षानुवर्षं बाहेर राहणाऱ्यांची नावं कार्डावरून कमी होतात आणि ते कळतं ते हॉस्पिटलच्या खिडकीवर.

उपचार कुठे घ्यायचा हे ठरवताना घरचे लोक सहसा मोठं नाव बघतात. या आजारात त्याआधी बघायचं ते हे की सलग दोन महिने तिला कुठे राहता येईल. कॅन्सर थोडा पुढे गेलेला असला तर आठवड्यातले पाच दिवस, असे साधारण पाच आठवडे बाहेरून किरणोपचार देतात, आठवड्यातून एकदा केमोची बाटली लावतात आणि नंतर आतून किरण देतात, त्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात. हे सगळं आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हायला हवं. मध्ये खंड पडला की गुण कमी येतो. पुष्कळ बायकांचे उपचार इथेच सुटतात: तीन आठवडे किरण घेतले, रक्त थांबलं, बरं वाटलं, खोलीचं भाडं थकलं, मुलाची परीक्षा आली, आणि बाई पॅसेंजरने घरी परतली. रक्त थांबणं म्हणजे आजार जाणं नव्हे.

किरणोपचाराची सोय सुरतेत आहे, नाशिकला आहे, मुंबईला तर टाटा आहेच. तुमच्या नणंदेचं घर सुरतेत आहे, नवरा तिथे कामाला आहे, मुलगी तिथे शाळेत आहे. त्यामुळे मला तरी सुरतच योग्य वाटते. तुकडा तपासणी तिला इकडेच करायची असेल तर धुळ्याचं किंवा जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण त्यासाठी श्रावणापर्यंत थांबू नये. मुंबईला जायची वेळ आलीच तर राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, टाटाचे कितीतरी पेशंट तिथे राहतात. तुम्ही स्वतः दोन-तीन आठवडे लिंबायतला जाऊन राहू शकलात तर पैशाहून मोठी मदत होईल. स्वयंपाक, मुलीची शाळा आणि रोज हॉस्पिटलला सोबत, ही तीन कामं कुणीतरी उचलली तर बाई उपचार पूर्ण करते. आणि सुरुवातीच्या टप्प्यात सापडलेला हा कॅन्सर बहुतेकदा पूर्ण बरा होतो. पुढे गेलेल्यांतल्याही पुष्कळ बायका उपचार पूर्ण केल्यावर नातवंडं खेळवतात. हे तिला सांगा, भीती घालू नका.

‘मला दिवस मोडायला परवडत नाही’ असं ती म्हणाली तर त्या दिवसाची मजुरी तिला पाठवा. मी हे अगदी गंभीरपणे लिहिते आहे. मोबाईलवरून पाठवलेल्या तीन-चारशे रुपयांनी कितीतरी जणींची तपासणी झालेली मी पाहिली आहे.

राहिली मुलगी. हो, लस द्या. ९ ते १४ हे वय सगळ्यात चांगलं, कारण विषाणूशी गाठ पडण्याआधी लस द्यायची असते. आईला काही निघो न निघो, मुलीला ती द्यायचीच. हा कॅन्सर आईकडून मुलीला रक्तातून येत नाही, त्यामुळे ‘आईला झाला म्हणून हिला’ अशी भीती मुलीच्या मनात बसू देऊ नका. लसीने पाळीवर किंवा पुढे मूल होण्यावर काही परिणाम होत नाही. हात दुखतो, एखादा दिवस कणकण वाटते. क्वचित एखादी मुलगी घाबरून चक्कर येऊन पडते, म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही आपल्याकडची लस आहे, १६ आणि १८ या दोन्ही प्रकारांवर चालते. १५ वर्षांच्या आत दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने, असं तिचं वेळापत्रक आहे. त्यानंतर सुरुवात केली तर तीन लागतात, म्हणून आता उशीर नको. या वयात एक डोसही चांगलं संरक्षण देतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून मान्य केलं आहे. त्यामुळे पैशाअभावी दुसरा लांबणार असेल तरी पहिला चुकवू नका. विकत घेण्याआधी शाळेत आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्रात फुकट मिळते का ते विचारा. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी तिलाही करावी लागेल, कारण लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही.

डोसची तारीख आणि लसीचं नाव लिहिलेलं कार्ड मागून घ्या, त्याचा फोटो तिच्या आईच्या आणि तुमच्या, दोन्ही मोबाईलमध्ये ठेवा. खोली बदलली, शाळा बदलली किंवा मुलगी शिकायला गावी आली, तर दुसरा डोस कधी द्यायचा ते तिथल्या नर्सला त्यावरूनच कळेल.